एकाच वेणीतले दोन ‘पेड’

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये ‘लॅटिन रूट वर्ड्स’चं एक पान हमखास असतं आणि त्यावर ठोकून दिलेलं असतं: पेड म्हणजे पाय. खाली उदाहरणं पेडेस्ट्रियन, पेडल, पेडिक्युअर. इथवर ठीक. पुढे त्याच दमात पेडियाट्रिक आणि ऑर्थोपेडिक! इथे माझं डोकं फिरतं.

पायाच्या पेडबद्दल मराठी माणसाला फार सांगायला नको. लॅटिन ‘पेस’ (षष्ठीत ‘पेदिस’) आणि आपला ‘पाद’ एकाच कुळातले. बायपेड म्हणजे द्विपाद, क्वाड्रुपेड म्हणजे चतुष्पाद. इम्पीड म्हणजे मुळात पाय जखडणं, आपल्या भाषेत खोडा घालणं. तो खोडा काढला की एक्सपेडाइट.

दुसरा पेड लॅटिन नाहीच. तो ग्रीक ‘पाइस’, म्हणजे मूल. पेडियाट्रिक्स हे मुलांचं वैद्यक. पेडागॉग म्हणजे मुळात मालकाच्या मुलाला शाळेत नेणारा गुलाम.

एवढं कळलेला माणूसही ऑर्थोपेडिकपाशी घसरतो. प्लास्टरमधला पाय डोळ्यांसमोर येतो ना! पण हा शब्द घडवला निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने, 1741 सालच्या पुस्तकात: ग्रीक ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, अधिक ‘मूल’. विषय होता मुलांच्या शरीरातली व्यंगं टाळणं आणि सुधारणं. पुस्तकात खुंटाला दोरीने बांधलेल्या वाकड्या झाडाचं चित्र आहे. अस्थिरोगतज्ज्ञांच्या अनेक संघटनांच्या बोधचिन्हात ते आजही दिसतं. पुढे ही विद्या मोठ्यांच्या हाडांपर्यंत पोचली, नाव तेच राहिलं. म्हणून आजोबांचा गुडघा बदलणाऱ्या डॉक्टरांच्या पाटीवरही मूलच बसलेलं असतं.

   

ओळखायचं कसं? ब्रिटिश स्पेलिंग बघा. मुलाच्या पेडमध्ये ‘पी’नंतर बहुधा ‘ए-ई’ ही जोडी येते (पेडागॉग हा अपवाद), पायाच्या पेडमध्ये कधीच नाही. अमेरिकनांनी त्यातला ‘ए’ बहुतेक ठिकाणी गाळला आणि आपल्याकडच्या नोट्सवाल्यांनी तेच उचललं. मी तरी जुनं स्पेलिंगच वापरतो. उच्चारावर मात्र जाऊ नका. ब्रिटिश उच्चारात मुलाचा पेड ‘पीड’ होतो, पण सेंटिपीडमध्येही (म्हणजे गोम, शब्दशः शंभर पायांची) ‘पीड’च ऐकू येतं, म्हणून तिला शंभर मुलं होत नाहीत.