मॅनेज्ड नेटवर्क स्विच : सेटिंग आणि देखरेख

नेटवर्क स्विच म्हणजे कॉम्प्युटर, कॅमेरे वगैरे केबलने एकमेकांना जोडणारं यंत्र, आणि केबल खोचायच्या त्याच्या जागा म्हणजे पोर्ट. मॅनेज्ड स्विच म्हणजे असा स्विच ज्याच्या आत शिरून कुठल्या पोर्टने काय करायचं ते ठरवून देता येतं आणि नंतर तो काय करतोय तेही बघता येतं. साधा स्विच डब्यातून काढला, केबल खोचल्या की चालू, त्याला विचारायला काही नसतं. इंदूरला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून दोन्ही प्रकार आणता येतात, पण मॅनेज्डला जास्तीचे पैसे मोजून तो साध्यासारखाच वापरणारे लोक खूप, म्हणजे पासवर्ड कंपनीचाच आणि सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क).

पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये अमेरिकेत कल्पना नावाच्या कंपनीने काढला (हो, आपलंच नाव, संस्थापकांत विनोद भारद्वाज होते), १९९४ मध्ये सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि आज बाजारातल्या बऱ्याच स्विचच्या कमांड सिस्कोच्याच वळणाच्या असतात.

नव्या स्विचला बहुधा कन्सोल केबल (कॉम्प्युटरवरून थेट कमांड देण्याची केबल) लावून, पुट्टीसारख्या कमांड टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये ९६०० बॉड हा वेग ठेवून शिरतात. नाव, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, नवा पासवर्ड द्यायचा, दुरून शिरायची उघडी वाट टेलनेट बंद करून कुलूपबंद वाट एसएसएच चालू करायची आणि एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन, घड्याळ लावायचं. घड्याळाचा कंटाळा करतात लोक, मग लॉगमध्ये १९९३ सालची वेळ दिसते आणि बिघाड कधी झाला तेच कळत नाही.

खरं काम व्हीलॅनचं. समजा इंदूरच्या रामबागेत तीन मजली क्लासेसची इमारत आहे, फी घेणारे कॉम्प्युटर व्हीलॅन १० मध्ये, मुलांचं वायफाय २० मध्ये, कॅमेरे ३० मध्ये, म्हणजे मुलगा मोबाइलवरून फीच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू नये. राउटरवर मधली वाट मात्र वेगळी बंद करावी लागते, नुसते नंबर वेगळे देऊन भागत नाही. एका मशीनचा तो ॲक्सेस पोर्ट, आणि मजल्या-मजल्यातला जोड, ज्यातून सगळे व्हीलॅन ८०२.१क्यू टॅग (व्हीलॅनच्या नंबराची चिठ्ठी) लावून जातात, तो ट्रंक. नंबर १ ते ४०९४ पर्यंत देता येतात.

ट्रंकवर एक सापळा आहे. आधी १० आणि २० चालू आहेत, आता कॅमेऱ्यांसाठी ३० वाढवायचाय, तर सिस्कोच्या कमांडमध्ये 'ॲड' लिहावं लागतं. ते राहिलं की यादीत फक्त ३० उरतो, ऑफिस आणि वायफाय दोन्ही बसतात, आणि आपण त्याच ट्रंकवरून दुरून शिरलेलो असलो तर आपणही बाहेर. म्हणून जाणते लोक आधी 'रीलोड इन १०' देतात. बदल सेव्ह केलेला नसतो, तो चालू मेमरीतच असतो, दहा मिनिटांत स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर येतो, आणि सगळं ठीक असलं तर रीलोड रद्द करून मग सेव्ह मारायचा. सेव्ह विसरलात तर पुढची लाइट गेली की केलेलं सगळं गेलं.

लूप ही दुसरी कटकट. टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये कोणीतरी एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं खोचतो आणि सगळ्या इमारतीचं नेट बसतं. स्पॅनिंग ट्री, म्हणजे फिरून येणारी वाट ओळखून बंद करण्याची पद्धत, जी राडिया पर्लमन या अमेरिकन कॉम्प्युटर तज्ज्ञांनी १९८५ मध्ये काढली, ती यासाठीच आहे. ॲक्सेस पोर्टवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला की पोर्ट बंद करणारी सेटिंग) लावला तर बहुतेक वेळा तो एकच पोर्ट बंद पडून बाकीचे चालू राहतात.

देखरेखीचं जुनं साधन एसएनएमपी, म्हणजे यंत्राला त्याचे आकडे विचारायची ठरलेली भाषा, १९८८ पासूनची. देखरेखीचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी यूडीपी १६१ वर (एसएनएमपीसाठी ठरलेला नेटवर्कचा नंबर, स्विचवरचं भोक नव्हे) विचारतो, किती बाइट गेले, किती एरर आले, आणि झॅबिक्स, लिब्रेएनएमएससारखे फुकटचे प्रोग्रॅम त्याचे ग्राफ काढतात. इथे काउंटर ६४ बिटचाच घ्यावा, कारण ३२ बिटचा १ गिगाबिटच्या भरलेल्या लाइनवर ३४ सेकंदांत पूर्ण फिरून शून्यावर येतो, मग ग्राफ निव्वळ थाप मारतो. एसएनएमपीचं व्हर्जन ३ वापरावं, आधीच्यांत पासवर्डच्या जागचा शब्द केबलवरून उघडा जातो आणि तो बहुतेकांनी 'पब्लिक'च ठेवलेला असतो.

पण ग्राफपेक्षा एररचे आकडे जास्त बोलतात. एका टोकाला सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेला डेटा) वाढतायत आणि दुसऱ्या टोकाला लेट कोलिजन (उशिरा झालेली डेटाची टक्कर), म्हणजे एक बाजू फुल डुप्लेक्स, एकाच वेळी बोलणारी आणि ऐकणारी, आणि एक हाफ, आळीपाळीने बोलणारी. नुसतेच सीआरसी असले तर आधी केबल नाहीतर क्रिम्पिंग, म्हणजे टोकाला दाबून बसवलेला प्लग, बघा. पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेऊन, कॅमेरे चालत असतील तर वॅटही बघावे लागतात, ३७० वॅटचा २४ पोर्टी स्विच सगळ्या पोर्टांना १५.४ वॅट देतो पण ३० वॅट मागितले तर बारालाच पुरतो.

इंदूरच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, पत्र्याखालच्या बंद रॅकमध्ये त्याहून वर, तेव्हा तापमानाचा अलर्ट लावलेला बरा. पावसाळ्यात वीज पडली की दोन इमारतींमधल्या तांब्याच्या केबलवरून पोर्ट उडतात, तिथे फायबरच टाकावं. आणि कॉन्फिगची, म्हणजे सगळ्या सेटिंगची, फाइल स्विचबाहेर हवी, म्हणजे स्विच जळाला तरी दुसऱ्यावर ती चढवून काम भागतं, मॉडेल तेच असेल तर. वेगळं असेल तर पोर्टांची नावं बदलतात आणि फाइल हाताने दुरुस्त करत बसावं लागतं.