दुरुस्त न झालेल्या वस्तू काय सांगतात

हेअर ड्रायर बंद पडला, तरी अनेकदा त्याची मोटर शाबूत असते. वायर जिथे मुठीत शिरते तिथे ती रोज वाकते, पिळली जाते. आतले तांब्याचे बारीक तंतू एकेक करून तुटतात आणि एके दिवशी ड्रायर गप्प होतो. तुटका तुकडा कापून वायर पुन्हा जोडली की काम भागतं. पण त्यासाठी मूठ उघडायला हवी. तिचे दोन भाग स्क्रूने न जोडता अल्ट्रासोनिक वेल्डिंगने, म्हणजे अतिवेगवान कंपनांनी प्लास्टिक वितळवून, सांधलेले असतील, तर उघडताना मूठच फुटते. पाच मिनिटांच्या कामापायी अख्खी वस्तू कचऱ्यात जाते.

असं एकाच घरात घडलं तर आपण नशिबाला बोल लावतो. शेकडो ठिकाणी घडलं आणि दर वेळी कुणी ते लिहून ठेवलं, तर तो रचनेतला दोष असल्याचं उघड होतं.

असं लिहून ठेवणारे लोक आहेत. डच पत्रकार मार्टिन पोस्टमा यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला रिपेअर कॅफे भरवला. लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या आणि जाणत्या स्वयंसेवकांबरोबर बसून त्या खोलायच्या, अशी ही रीत पुढे अनेक देशांत पसरली. पण प्रत्येक गटाची वही वेगळी होती. २०१७ मध्ये काही गटांनी मिळून ओपन रिपेअर अलायन्स स्थापन केली आणि नोंदीचा एक सामायिक साचा ठरवला: वस्तू कोणती, ब्रँड कोणता, वय किती, बिघाड काय, शेवटी काय झालं.

या साच्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो रकाना अपयशाचा. दुरुस्ती का अडली? सुटा भाग मिळाला नाही, मिळाला पण फार महाग होता, माहिती नव्हती, की वस्तू उघडताच आली नाही? वस्तू खरोखर झिजून संपली असेल, तर तिथे इलाज नाही. बाकीची कारणं मात्र माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून आलेली असतात, म्हणून ती बदलता येतात.

कंपनीला हे ठाऊक नसतं का? वॉरंटीच्या काळातलं असतं. सहाव्या वर्षी वस्तू बंद पडली, तर मालक ती मुकाट्याने टाकून देतो आणि कारखान्यापर्यंत काहीच पोचत नाही. नेमका तोच काळ या नोंदींत सापडतो.

माहिती ओबडधोबड असते, हे खरं. ‘चालू होत नाही’ एवढ्या तीन शब्दांमागे जळालेला थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा भाग) असेल, सुकलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल किंवा खराब झालेला खटका. त्यामुळे प्रिंटर, टॅबलेट, व्हॅक्यूम क्लीनर यांच्या नोंदी स्वयंसेवकांनी एकेक वाचून वर्गवार लावल्या. शिवाय फ्रिज उचलून कुणी अशा ठिकाणी आणत नाही, आणि जो ब्रँड जास्त खपतो तोच जास्त दिसतो. म्हणून यावरून ‘अमुक कंपनीचा माल वाईट’ असा निकाल देणं चुकीचं ठरेल. उघडायला घेतलेली वस्तू कुठे अडली, एवढं मात्र यातून चांगलं कळतं.

लंडनच्या रीस्टार्ट प्रोजेक्टसारख्या गटांनी हे निष्कर्ष युरोपातल्या धोरणकर्त्यांपुढे मांडले. आता युरोपीय संघात वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान १० वर्षं मिळायला हवेत. स्मार्टफोन आणि टॅबलेटसाठी जून २०२५ पासून ही मुदत ७ वर्षं आहे. दुरुस्तीच्या हक्काचा २०२४ चा युरोपीय निर्देशही (सदस्य देशांना बांधील असलेला कायदा) आला. मात्र तो ठरावीक वस्तूंच्या यादीपुरताच आहे, आणि त्या यादीत कॉफी मशीन, टोस्टर, हेअर ड्रायर नाहीत. हातात धरून सहज आणता येणाऱ्या याच वस्तू दुरुस्तीच्या टेबलावर पुन्हा पुन्हा येतात. वेल्डिंगऐवजी दोन साधे स्क्रू लावले असते, तर त्या ड्रायरची मूठ न फुटता उघडली असती.