देणारा कॉम्प्युटर

चार जीबीची एक फाइल आहे. लिनक्स या मोफत वाटता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती समजा, म्हणजे कायद्याची कटकट नको. ती आज बाहेर आली आणि हजार लोकांना आजच हवी आहे. ज्या सर्व्हरवर ती ठेवली आहे, त्यातून सेकंदाला एक गिगाबिट डेटा बाहेर पडतो. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून चार जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. हजार प्रती म्हणजे ३२,००० गिगाबिट, म्हणजेच ३२,००० सेकंद, जवळपास नऊ तास. हजारांच्या जागी लाख लोक आले तर ३७ दिवस, आणि तोवर पहिल्या आवृत्तीतल्या चुका दुरुस्त करून दुसरी आलेली असते.

आता त्याच हजार जणांना सांगा, की मिळालेला तुकडा दाबून ठेवू नका, पुढे द्या. प्रत्येकाच्या घरून सेकंदाला दहा मेगाबिट अपलोड होत असेल, तर सगळ्यांचे मिळून दहा गिगाबिट झाले, सर्व्हरचा एक वेगळाच. कागदावरचा हिशेब ५० मिनिटांच्या आत उरकतो. गंमत पुढे आहे. लाख लोक आले तरी हिशेब तासाच्या आतच राहतो, कारण येणारा प्रत्येक जण नुसती मागणी घेऊन येत नाही, आपल्या घरचं अपलोडही घेऊन येतो. गर्दीनं साधा सर्व्हर मान टाकतो, अशी वाटून घेण्याची पद्धत, म्हणजे टोरेंट, मात्र गर्दीवरच पोसते.

ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरनं २००१ मध्ये बिटटोरेंट आणलं, त्यामागचं गणित हे असं आहे. त्याआधी १९९९ मध्ये नॅपस्टर आलं होतं. त्यात गाणी लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर असत, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. कोर्टाच्या आदेशानंतर जुलै २००१ मध्ये तो सर्व्हर बंद पडला आणि सगळा बाजार उठला. आजच्या टोरेंटला यादीसाठीसुद्धा असा एक मालक लागत नाही. यादीही सहभागी कॉम्प्युटरांमध्येच विखुरलेली ठेवता येते.

अनोळखी माणसाकडून आलेला तुकडा खरा कशावरून? इथे माझ्या मते या सगळ्या तंत्राचा जीव आहे. आपली चार जीबीची फाइल एकेक मेगाबाइटच्या ४,०९६ तुकड्यांत कापली जाते. प्रत्येक तुकड्यावर गणिती प्रक्रिया करून त्याचा २० बाइटचा ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. तुकड्यातला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळाच येतो. सगळे ठसे मिळून भरतात जेमतेम ८० केबी. ही ८० केबीची फाइल तुम्ही भरवशाच्या ठिकाणाहून घेतली, की उरलेली चार जीबी जगातल्या कुठल्याही अनोळख्याकडून बिनधास्त घ्यावी. देणारा फिनलंडचा की आमच्या नागपूरच्या फुटाळ्याचा, याला काही महत्त्व उरत नाही. ठसा जुळला तर ठेवायचा, नाही तर फेकून दुसऱ्याकडून मागायचा. (मूळ ठशाची पद्धत, शा-१, २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून मोडून दाखवली. बिटटोरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत म्हणून शा-२५६ आहे.)

कोणता तुकडा आधी मागायचा, यालाही नियम आहे. जो सगळ्यात कमी लोकांकडे आहे, तो आधी. शेवटची पूर्ण प्रत असलेला माणूस कॉम्प्युटर बंद करून झोपायला गेला, तरी सगळे तुकडे गर्दीत कुठे ना कुठे शिल्लक असावेत म्हणून. आणि फुकट्यांचं काय? त्यासाठी प्रोग्राम लग्नघरातल्या आहेराच्या वहीसारखी वही ठेवतो. साधारण दर दहा सेकंदांनी बघायचं, आपल्याला कोण भरभरून देतंय, आणि त्याच चार-पाच जणांना आपण द्यायचं. पण एवढ्यावर थांबलं तर नव्यानं आलेल्याकडे द्यायला काही नाही, म्हणून त्याला कोणी काही देणार नाही. त्यामुळे दर तीस सेकंदांनी एका अनोळख्याला, काही परत मिळेल याची अपेक्षा न धरता, देऊन बघायचं. संस्थेच्या निवडणुकीपासून सोसायटीच्या पाण्यापर्यंत एवढा शहाणा नियम मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ठसे पडताळण्याचा आणखी एक फायदा आहे, तो नागपुरात राहणाऱ्याला जास्त कळतो.

माझं टोरेंटचं मशीन गच्चीखालच्या खोलीत असतं. मे महिन्यात दुपारी तुकडे नापास व्हायला लागले. नेट ठीक, डिस्क ठीक, आणि रात्री तेच तुकडे बिनतक्रार पास. दुकानात नेलं तर उत्तर मिळालं, ‘काका, रॅम ओके आहे, विंडोज फॉरमॅट मारून घ्या.’ दुकानात एसी होता, तिथे रॅम ओकेच असणार. घरी आणून मेमटेस्ट ही रॅमची चाचणी भर दुपारी चालवली तेव्हा लाल ओळी दिसायला लागल्या. एकच पत्ता, एकच बिट, वारंवार.

कारण साधं आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला थोडासा विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावा लागतो. तापमान चढलं की गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर हे भरणं दुप्पट वेगानं, ३२ मिलिसेकंदांत करावं, असं रॅमच्या मानकातच लिहिलं आहे. कोट्यवधी बिटांमध्ये एखादा जन्मतःच अशक्त असेल, तर तो त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त दोन्हींतला फरक कमी ठेवतात. पुण्याच्या २५ अंशांतलं मशीन तसंच्या तसं आपल्या ४५ अंशांत ठेवलं, की आतला प्रत्येक भाग साधारण तेवढ्याच वीस अंशांनी वर सरकतो. बोर्डावरच्या आणि एसएमपीएसमधल्या (वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचं आयुष्य तर दर दहा अंशांना निम्मं होतं, असा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे.

नागपूरचा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. मग हवामान खात्यानं खुलासा केला, की सेन्सर बिघडला होता. म्हणजे नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, यंत्रांनाही भोवतो.

उपाय कूलरच. ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असताना पाणी उडून हवा २३ अंशांपर्यंत उतरण्याची सोय निसर्गानंच केलेली असते. वाळ्याची ताटी धड असेल तर खोलीत तिशीच्या आतली हवा येते. मृग लागला, आर्द्रता चढली, की तोच कूलर निरुपयोगी. पण तोवर बाहेरही उतरलेलं असतं. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र घेऊ नये. आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार तुषारांबरोबर बोर्डावर जाऊन बसतो आणि पांढरी पुटं चढतात.

एका बिटाची चूक स्वतः पकडून दुरुस्त करणारी रॅम असते, तिला ईसीसी म्हणतात. ६४ बिटांमागे आठ जास्तीचे. ती प्रामुख्यानं सर्व्हरसाठी राखून ठेवली गेली आणि घरगुती बाजारात सहज मिळेनाशी झाली, यावर लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स २०२१ च्या जानेवारीत इंटेलवर जाहीर बरसला होता. मला त्याचं म्हणणं पटतं. पन्नास अंशांकडे झुकणाऱ्या गावात तर जास्तच पटतं.

आता कायदा. टोरेंट म्हटलं की लोकांना चोरीचा सिनेमा आठवतो, आणि ते अगदीच खोटं नाही. तंत्र कायदेशीर असतं, फाइल बेकायदा असू शकते. शिवाय टोरेंटवरून उतरवणारा त्याच क्षणी वाटतही असतो, त्यामुळे ‘मी फक्त पाहिला’ ही सबब टिकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगतं; धंद्यासाठी केलं नसेल तर कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. दुसरी बाजूही याच कायद्यात आहे. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून, त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं कुणीही वाटावीत. आधी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत संपत आली तेव्हा, १९९२ च्या दुरुस्तीनं, ती दहानं वाढवली. त्या लेखनाचे हक्क असलेल्या एका विश्वविद्यालयाच्या, विश्वभारतीच्या, चिंतेपोटी सगळ्या देशाची मुदत वाढावी, हे मला कधीच पटलेलं नाही.

चोरीच्या साइट बंद करण्याबद्दल माझी तक्रार नाही, जाळं कसं फेकलं जातं त्याबद्दल आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार बंद केलेल्या अडीच हजारांहून जास्त साइट्सच्या यादीत इंटरनेट अर्काइव्हही गेलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या मोफत ग्रंथालयांपैकी एक, सिनेमाच्या दोन-चार दुव्यांपायी.

उलट बाजूची गोष्ट अमेरिकेची. रॉब टोपोल्स्की नावाच्या नेटवर्कच्या जाणकाराला वाद्यांशिवाय चौघांनी गायच्या जुन्या गाण्यांचा छंद होता. त्या जुन्या ध्वनिमुद्रणांचं अपलोड होईना, म्हणून २००७ मध्ये त्यानं आपल्या तारेतून जाणारी पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, एकेक करून तपासली. कॉमकास्ट ही त्याची कंपनी दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये घुसून, दोघांच्याही नावानं ‘संभाषण संपलं’ अशी खोटी पाकिटं पाठवत होती. असोसिएटेड प्रेसनं चाचणी घेऊन ते खरं ठरवलं, २००८ मध्ये नियामकानं कंपनीला खडसावलं, आणि २०१० मध्ये न्यायालयानं नियामकाला तो अधिकारच नाही म्हणून आदेश फिरवला. आपण यात बरे आहोत. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकानं ८ फेब्रुवारी २०१६ ला साइटनुसार वेगळे दर बंद केले आणि जुलै २०१८ मध्ये सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे नेटवरच्या सगळ्या डेटाला सारखी वागणूक देण्याची, तत्त्वं मान्य केली.

पण आपल्याकडे अपलोड अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये अपलोड मुळातच कमी होतं. तारेतल्या सुमारे २६ ते १३८ किलोहर्ट्झचा पट्टा पाठवायला आणि तिथून ११०४ पर्यंतचा घ्यायला, अशी वाटणी अभियंत्यांनी केली होती, घरचा माणूस घेणाराच असणार असं धरून. फायबरवर ती सबब उरली नाही. दोन्हीकडचा वेग सारखा देता येतो आणि बरेच जण देतातही. अडचण आता पत्त्याची आहे, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ज्या आकड्यानं ओळखली जाते त्या आयपी पत्त्याची. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटले गेले आणि आशियाचा कोटा त्याच एप्रिलमध्ये आटला. तेव्हापासून कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात. तुम्ही बाहेर हाक मारली तर उत्तर येतं. बाहेरून तुम्हाला कोणी हाक मारली, तर ती नेमक्या कोणत्या घराची हे कंपनीच्या यंत्राला कळत नाही आणि ती वाटेतच विरते. असे दोन जण एकमेकांना फाइल द्यायला गेले, तर तिसऱ्या सर्व्हरच्या मध्यस्थीनं आडमार्ग काढावा लागतो, आणि तो दर वेळी निघतोच असं नाही. घरचा कॅमेरा बाहेरून बघायला परक्या कंपनीचा क्लाउड का लागतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

स्वतःचं तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही त्या गर्दीत आहात. २०१२ मध्ये हे पत्ते याच कामासाठी राखून ठेवले गेले. मी माझ्या कंपनीला फोन केला तर पलीकडचा मुलगा गोंधळला. ‘सर, नेट सुरू आहे ना तुमचं? मग पब्लिक आयपी कशाला पाहिजे?’ मग महिन्याला जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घ्या म्हणाला. आयपीव्ही६ ही नवी पद्धत द्या म्हटलं, त्यात प्रत्येक घरातल्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पत्ता देऊनही उरतात, तर त्यानं ‘वर विचारतो’ म्हणून सांगितलं. भारतात मोबाइलवर आयपीव्ही६ कधीचंच रुळलं आहे, त्यात आपण जगात आघाडीवर आहोत. घरच्या तारेवरच का अडावं?

हार्डवेअरची तर आता अडचणच नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये हवी, म्हणून ऑफिसांनी काढलेली धडधाकट छोटी मशीन धंतोलीपासून बर्डीपर्यंत मिळतात. लिनक्स टाकलं की पंधरा वॅटवर चोवीस तास चालणारा सर्व्हर तयार, महिन्याला साधारण ११ युनिट. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉप आणि छोट्या कॉम्प्युटरांच्या आयातीला परवाना लावायचं सरकारच्या मनात आलं, दुसऱ्याच दिवशी ते पुढे ढकललं गेलं आणि शेवटी नोंदणीवर आलं. अशा वेळी दुरुस्त होणारं जुनं मशीन हीच खरी शिल्लक वाटते.

माझ्या त्या मशीनवर सध्या मराठी विकिपीडियाची ऑफलाइन प्रत असते. गाजलेल्या लिनक्सला देणारे कायम भरपूर असतात. मराठी फाइलवर कित्येकदा माझ्याशिवाय एखाददुसराच दिसतो, आणि तोही रात्री गायब होतो. वाटणारे आणखी दहा जण विदर्भात मिळणं अवघड नाही, त्यांच्या घरी पत्ता असला तर. म्हणून ट्रायकडे माझी मागणी एकच आहे. प्लॅनच्या जाहिरातीत डाउनलोडचा वेग जेवढ्या अक्षरांत छापतात तेवढ्याच अक्षरांत अपलोडचाही छापायला लावावा, आणि त्याच्या खाली, बाहेरून येणारी हाक या जोडणीवर पोचते की नाही, ते हो किंवा नाहीमध्ये.