माणूस मेल्यावर देवदूत होतो का?

"देवाला आणखी एक देवदूत हवा होता, म्हणून त्याने आपलं बाळ नेलं." श्रद्धांजलीच्या फॉरवर्डमध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय, आणि बायबलच तसं सांगतं असा समज आहे. दुःखात अशा शब्दांचा आधार वाटतो, ते साहजिकच आहे. पण बायबलमध्ये मेलेला माणूस देवदूत झाल्याचं कुठेच येत नाही.

तिथे देवदूत ही वेगळीच निर्मिती आहे. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, 38व्या अध्यायात, पृथ्वीचा पाया घातला जातो तेव्हा 'देवपुत्र' जयघोष करतात. ते देवदूत, असाच अर्थ सहसा घेतला जातो. माणूस तेव्हा जन्मलेलाही नव्हता! लूक 16:22 मध्ये गरीब लाजर मरतो आणि देवदूत त्याला अब्राहामाजवळ नेतात. नेणारे वेगळे, नेला जाणारा वेगळा.

गोंधळ बहुधा मत्तय 22:30 वरून होतो. सात भावांशी एकामागून एक लग्न झालेली बाई पुनरुत्थानानंतर, म्हणजे मेलेले पुन्हा उठल्यावर, कोणाची बायको, असा पेच सदूकी (यहुद्यांमधला एक पंथ) येशूला घालतात. तेव्हा लोक लग्न करणार नाहीत, स्वर्गातल्या देवदूतांसारखे असतील, असं तो म्हणतो. साम्य आहे ते लग्न नसण्यापुरतं; लूक 20:36 त्यात मरण नसण्याची भर घालतो.

वसई-गोव्यातल्या कॅथलिकांचं कॅलेंडर बघा: मिखाएल, गब्रिएल, राफाएल या देवदूतांचा सण 29 सप्टेंबरला, मृतांसाठी प्रार्थना 2 नोव्हेंबरला. तिथेही देवदूत वेगळे, मृत वेगळे.

एकच जागा तपासायची तर इब्री 12:22-23 उघडा. देवदूतांचा मेळा आणि नीतिमान माणसांचे आत्मे तिथे शेजारीशेजारी, पण वेगवेगळे मोजले आहेत.