कपाळावरच्या आठ्या आणि त्यामागचे स्नायू

मे महिन्यात सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर गेला, की भर दुपारी रस्त्याने चालणाऱ्याच्या भुवया आपोआप जवळ येतात आणि कपाळाला आठी पडते. सावलीत शिरताच ती मिटते. परंतु वर्षानुवर्षे तीच घडी पडत राहिली, तर चेहरा स्वस्थ असतानाही भुवयांमधील उभ्या रेघा तशाच राहतात आणि शांत स्वभावाच्या माणसालाही लोक ‘रागावलात का?’ असे विचारू लागतात.

शरीरातील बहुतेक स्नायू हाडांना हलवतात. चेहऱ्यावरील भावांचे स्नायू मात्र त्वचेत शिरून तिलाच ओढतात. भुवईच्या आतल्या टोकापाशी हाडावर उगम पावणारा ‘कॉरुगेटर’ भुवया आत व खाली खेचतो, म्हणून रेघा उभ्या पडतात. नाकाच्या मुळाशी असलेल्या ‘प्रोसेरस’मुळे तेथे आडवी रेघ उमटते, तर कपाळभर पसरलेल्या ‘फ्रॉन्टॅलिस’मुळे आडव्या आठ्या पडतात.

दोष ओढणाऱ्या स्नायूचा असल्यामुळे नुसती त्वचा ताणून बसवणे पुरेसे ठरत नाही. शल्यचिकित्सक केसांच्या रेषेमागील छोट्या छेदांतून दुर्बीण घालून, किंवा वरच्या पापणीच्या घडीतून शिरून, कॉरुगेटरचा भाग काढतात. काम नाजूक आहे, कारण कपाळाला संवेदना देणाऱ्या नसा याच स्नायूतून व त्याच्या लगत जातात आणि त्या दुखावल्यास कपाळ बधिर होते. स्नायू फार काढला, तर तेथे खळगा पडू शकतो, म्हणून काही वेळा रुग्णाच्याच शरीरातील चरबी भरतात; कमी काढला, तर रेघा परततात. माझ्या मते, ज्यांना बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनने फरक पडला आहे, त्यांनीच या शस्त्रक्रियेचा विचार करावा. २००२ मध्ये अमेरिकेत या रेघांसाठी मान्यता मिळालेले हे औषध नसेकडून स्नायूला जाणारा रासायनिक संदेश अडवते, आणि त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकत असल्याने स्नायू शिथिल झाल्यावर चेहरा कसा दिसेल, हे आधीच पाहता येते.

या शस्त्रक्रियेतून एक अनपेक्षित गोष्टही पुढे आली: कॉरुगेटर काढलेल्या काही रुग्णांची अर्धशिशी कमी झाल्याचे अमेरिकेतील शल्यचिकित्सक बहमन गुयुरॉन यांच्या लक्षात आले आणि स्नायूंच्या दाबाखालील नसांचा अभ्यास सुरू झाला.

फ्रॉन्टॅलिसची गोष्ट अगदी वेगळी आहे. भुवई वर उचलणारा तो एकमेव स्नायू असल्याने तो काढून टाकला, तर भुवया डोळ्यांवर उतरतील. शिवाय पुष्कळदा त्याच्या अतिश्रमाचे मूळ कपाळात नसून पापणीत असते. वयोमानाने पापणी ओघळून दृष्टीआड येऊ लागली, की माणूस नकळत दिवसभर भुवया उंचावून पाहतो. अशा वेळी पापणीचीच शस्त्रक्रिया केली, तर फ्रॉन्टॅलिसला विश्रांती मिळते आणि कपाळाला हात न लावताही आठ्या बऱ्याचदा सौम्य होतात.