पिकअप ट्रकची भारक्षमता आणि ओढक्षमता

पिकअप ट्रक स्वतःच्या अंगावर जास्तीत जास्त जेवढे वजन वाहू शकतो ती त्याची भारक्षमता किंवा पेलोड, आणि मालासह जेवढ्या वजनाचा ट्रेलर मागे ओढू शकतो ती ओढक्षमता होय. जाहिरातीत ओढक्षमतेचा आकडा ठळक छापला जात असला, तरी प्रत्यक्षात बहुधा भारक्षमताच आधी संपते.

उत्पादकाने ठरवलेल्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की भारक्षमता मिळते. चालक, प्रवासी, हौद्यातील माल आणि मागाहून बसवलेले सामान हे सारे तिच्यात मोजावे लागते. ती इंजिनाच्या ताकदीवर नव्हे, तर चौकट, स्प्रिंगा, आस आणि टायर यांवर ठरते. त्यामुळे त्याच ट्रकमध्ये पेट्रोलऐवजी जड डिझेल इंजिन घेतल्यास वाढलेल्या टॉर्कमुळे (फिरवण्याच्या जोरामुळे) ओढक्षमता सहसा वाढते, परंतु कमाल एकूण वजन तेच राहिले तर इंजिनाच्या जादा वजनाइतकी भारक्षमता घटते. ओढक्षमतेतही इंजिन एकटे नसते. इंजिन तेच ठेवून मागील आसाचे गिअर गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे) ३.२१ ऐवजी ३.९२ घेतले, तरी आकड्यात मोठा फरक पडतो.

ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग जोडणीवर, म्हणजेच ट्रकवर येतो. तो फार कमी ठेवला तर ट्रेलर वेगात हेलकावे खाऊ लागतो. समजा, भारक्षमता १,५०० पौंड (सुमारे ६८० किलो) आहे आणि ट्रेलर ९,००० पौंडांचा आहे. १२ टक्क्यांनी १,०८० पौंड जोडणीवरच खर्च होतात. उरलेल्या ४२० पौंडांत तीन धडधाकट माणसेसुद्धा जेमतेम बसतात, मग हौद्यात काही ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

पूर्वी अमेरिकेत प्रत्येक कंपनी ओढक्षमता आपापल्या पद्धतीने मोजत असे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकाने त्यासाठी समान कसोटी घालून दिली आणि २०११ च्या मॉडेलपासून टोयोटाने ती सर्वप्रथम स्वीकारली. अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमजवळच्या लांब चढावर, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, भरलेला ट्रेलर ओढणे हा तिचा एक भाग आहे. तेथे साध्या, दुहेरी मागची चाके नसलेल्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये.

अमेरिकेत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर माणसे आणि सामान यांचे मिळून कमाल वजन छापलेले असते. माहितीपत्रकातील आकडा बहुधा सर्वांत हलक्या प्रकाराचा असतो, तर पट्टीवरचा आकडा कारखान्यातून बाहेर पडलेल्या नेमक्या त्याच गाडीचा असतो.