हेड बोल्ट म्हणजे एक स्प्रिंग

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला ट्रॅफिक अडकलं, की जुन्या गाडीचा टेम्परेचरचा काटा वर सरकतो. असंच तापून हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरलं, की ते ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या बोल्टचा प्रश्न येतो. मग हमखास सल्ला मिळतो: ‘10.9 चे होते ना, 12.9 चे टाका, जास्त भक्कम.’ हे आकडे म्हणजे बोल्टच्या ताकदीचे ग्रेड, आकडा मोठा तितकं पोलाद ताकदवान. पण ॲल्युमिनियम इंजिनासाठी हा सल्ला घातक आहे.

हेड बोल्ट आवळला की तो किंचित लांबतो आणि स्प्रिंगसारखा हेडला ब्लॉककडे खेचून धरतो. इंजिन 30 अंशांवरून 90 वर गेलं, तर 100 मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियम सुमारे 0.14 मिलिमीटर वाढतं, पोलादी बोल्ट मात्र साधारण 0.07 च. उरलेला फरक बोल्टला ताणून घेऊन भरून काढावा लागतो. म्हणून अनेक इंजिनांत लांब, मध्ये बारीक केलेल्या दांड्याचे बोल्ट असतात. ते लवचिक असल्याने तेवढ्याच फरकाने त्यांचा ताण फार चढत नाही. त्याजागी आखूड किंवा जाड दांड्याचा बोल्ट घातला, तर गरम इंजिनात ताण भलताच वाढतो, आणि आधी हार मानतात ब्लॉकमधले मऊ आटे.

12.9 चीही गोची हीच. ‘अमुक न्यूटन-मीटर, मग 90 अंश, पुन्हा 90 अंश’ हे आवळण्याचं माप मूळ बोल्टच्या पोलादावर बेतलेलं असतं. एम10 (10 मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टच्या 1.5 च्या आट्यावर, म्हणजे एका फेऱ्यात 1.5 मिलिमीटर सरकणाऱ्या आट्यावर, 90 अंश म्हणजे 0.375 मिलिमीटर. मूळ बोल्ट ठरलेल्या ताणावर ‘सुटतो’, म्हणजे पुढे लांबतो पण ताण फारसा चढत नाही. 12.9 चा बोल्ट तिथे न थांबता ओढतच राहतो. शिवाय बाजारू जस्त मुलामा दिलेल्या 12.9 बोल्टमध्ये हायड्रोजन शिरून तो अचानक तुटू शकतो. स्टेनलेसही नको: स्टेनलेसच्या ए2-70 ग्रेडची ताकद 700 मेगापास्कल, 10.9 ची 1000 च्या वर.

तेव्हा पार्ट नंबरवरूनच बोल्ट घ्या. दुकानातच व्हर्नियर लावून व्यास, लांबी, दांड्याचा बारीक भाग तपासा. 1.25 चा बोल्ट 1.5 च्या आट्यात दोनतीन फेरे जातो, मग आटे खातो. अंश मोजून आवळायचे बोल्ट पुन्हा वापरू नका. मॅन्युअल परवानगी देत असेल, तरच त्यातल्या कमाल लांबीच्या आतले चालतील. जुना आणि नवा बोल्ट शेजारी ठेवून आट्यात आटे अडकवा आणि उजेडासमोर धरा. जुना ताणला गेला असेल, तर मध्ये कुठेतरी आटे बसत नाहीत, फट दिसते.

भोकं साफ करणं सगळ्यात जास्त टाळलं जातं. बंद भोकात तेल किंवा कूलंट राहिलं, तर बोल्ट पिस्टनसारखा दाबतो आणि ब्लॉक तडकतो. आटे साफ करायला टॅप (नवे आटे कापायचं हत्यार) वापरू नका, तो ॲल्युमिनियम खरवडतो. आटे साफ करायचं खास हत्यार घ्या, नाहीतर उभी खाच पाडलेला जुना बोल्ट फिरवा, मग हवा मारा. मॅन्युअल सांगेल तसं आट्यांना आणि डोक्याखाली पातळ तेल लावा: आवळण्याचा सुमारे 90 टक्के जोर घर्षणातच जातो, म्हणून कोरडा बोल्ट त्याच आकड्यावर बराच सैल बसतो. डोक्याखालचं कडक वॉशर विसरलात, तर बोल्टचं डोकं मऊ हेडमध्ये रुततं. मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळा. इंजिन गार असतानाच. आटे आधीच गेले असतील, तर मोठा बोल्ट ठोकू नका. लेथवाल्याकडून पोलादी वायर इन्सर्ट (भोकात बसणारी, आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. मूळ मापाचाच बोल्ट त्यात नीट धरतो.